आरंभवाक्यांच्या रात्री

डिसेंबर महिन्याच्या चोविसाव्या तारखेस ख्रिस्ती घरांतून नाताळच्या पूर्वरात्रीची लगबग चाललेली असते, आणि त्याच तारखेस, १८९९ साली, रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड या गावी पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म झाला, या दोन गोष्टी मराठी वाचकाच्या मनात एकत्र आलेल्या मला क्वचितच आढळल्या आहेत. परमुलखात, आसऱ्याला आलेल्या मातेच्या पोटी जन्मलेल्या बालकाची कथा ज्या रात्री जगभर वाचली जाते, तिच्याच दिवशी आईची कथा सांगण्याकरिता आमच्या साने गुरुजींनी या भूमीवर डोळे उघडले, हा योग मला तरी फार सुंदर वाटतो. कात्रजच्या ज्या वसाहतीत माझे वास्तव्य आहे, तेथे नाताळच्या आठवड्यात वाचनाचा जो एक परिपाठ पडून गेला आहे त्याचा मुहूर्तही याच सायंकाळचा असल्यामुळे, तो योग दरवर्षी नव्याने माझ्या प्रत्ययास येतो.

कात्रज ही पुण्याची दक्षिणेकडील हद्द. घाट आणि बोगदा उतरून येणारी सातारच्या रस्त्याची वाहने, दूध डेअरी, तलाव, प्राण्यांचे उद्यान आणि त्यांच्या सभोवती चढत गेलेल्या इमारती असे त्याचे आजचे रूप असले, तरी मार्गशीर्ष सरून पौष लागण्याच्या सुमारास घाटमाथ्यावरून जो वारा उतरतो, तो या सगळ्या गजबजाटाला न जुमानता पूर्वीच्याच शुचितेने घराघरांत शिरतो. दिवाळी अंक तोवर वाचून झालेले असतात, लग्नसराई ऐन भरात यावयाची असते, शाळांना थोडी सुटी असते, आणि रात्र मोठी असते. अशा दिवसांत माणसाला गोष्ट ऐकावीशी वाटली नाही तरच नवल.

आमच्या शेजारी एक मराठी ख्रिस्ती कुटुंब आहे. त्यातील वडीलधाऱ्या बाई शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या, आणि वसाहतीतील लहानथोर सर्वच त्यांना 'बाई' म्हणतात. नाताळची उपासना त्यांच्या घरची माणसे गुरुवार पेठेतील पंचहौदाच्या पवित्र नाम देवालयात करतात. परंतु चोविसाव्या तारखेपासून वर्ष संपेपर्यंतच्या रात्री त्यांचा दिवाणखाना आम्हां शेजाऱ्यांच्या स्वाधीन असतो. परिपाठ साधा आहे. ज्याने त्याने आपल्या आवडत्या कादंबरीचा आरंभ तेवढा मोठ्याने वाचावयाचा. ग्रंथाचे आणि ग्रंथकाराचे नाव आधी उच्चारावयाचे नाही. पहिला परिच्छेद संपला की पुस्तक मिटावयाचे. ऐकणाऱ्यांनी ओळखावे, आणि ओळखता न आले तर ज्याला ते फार आवडले त्याने पुस्तक घरी घेऊन जावे. एखादे पोर हट्टाला पेटते आणि म्हणते, "बाई, पुढे काय होतं ते तरी सांगा ना!" तेव्हा बाई चष्मा काढून पुसतात आणि म्हणतात, "पुढचं पुस्तकात आहे रे बाळा. मी कशाला सांगू?" या उत्तरावर त्यांनी आजवर एकदाही पाणी सोडलेले नाही.

मध्ये चहा येतो, करंज्या येतात, केकच्या वड्या येतात. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याचे निमित्त होऊन न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे प्रकरण, आले होते, आणि त्या प्रकरणाने पुण्याची कित्येक वर्षे गढूळ केली होती, हे ज्यांनी वाचले आहे त्यांना या दिवाणखान्यातील चहाची किंमत सांगावयास नको. त्या बशीत आज कोणी काही शोधीत नाही. मला हे मोठे समाधान वाटते, आणि ते मी दरवर्षी मनातल्या मनात मोजून घेतो.

पहिल्या रात्री पहिले वाचन बाईंचे असते, आणि ते कादंबरीचे नसते. लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय त्या उघडतात. या कथेचा आरंभ कसा होतो हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आकाशातील ताऱ्याने तो होत नाही, देवदूतांच्या गायनानेही होत नाही. रोमच्या बादशहाने सर्व राज्याची खानेसुमारी करण्याचे फर्मान काढले, या निव्वळ दफ्तरी वार्तेने तो होतो. हुकुमाप्रमाणे जो तो नाव नोंदविण्यास आपापल्या गावी निघाला, म्हणून योसेफ निघाला, म्हणून दिवस भरलेली मरिया त्याच्याबरोबर निघाली, आणि म्हणून प्रसूती परगावी झाली. आमच्यात महसूल खात्यातून निवृत्त झालेले एक अण्णा आहेत. जन्म तहसील कचेरीत गेला. सात-बारा, फेरफार, पंचनामे यांखेरीज आपण काही वाचले नाही असे ते नम्रपणे सांगतात. हा भाग प्रथम ऐकला तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले, आणि मग म्हणाले, "हुकूम हुजुरातून निघतो, पाय मात्र रयतेचे दुखतात." त्या अध्यायावर मी याहून चांगले भाष्य ऐकलेले नाही. थोर कथेचा आरंभ थोर वाक्याने व्हावा लागत नाही. ज्याच्यावर काही गुदरावयाचे आहे त्या माणसाजवळ ती आपल्याला नेऊन उभी करते की नाही, एवढेच पाहावयाचे असते.

कात्रजच्या माणसाला ही गोष्ट समजावयास दूर जावे लागत नाही. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी येथील ओढ्यावर बांध घालून तलाव केला, आणि त्याचे पाणी दगडी नळातून, जमिनीच्या पोटातून, केवळ उताराच्या बळावर सुमारे अडीच कोस दूर शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतील हौदांपर्यंत नेले. त्या नळावर जागोजाग उच्छ्वास बांधलेले आहेत. आतील हवेचा दाब निघून जावा, आणि गाळ काढण्यासाठी माणसाला खाली उतरता यावे, हे त्यांचे प्रयोजन. वरून पाहणाऱ्याला तो एक चुन्यादगडांचा बुटका मनोरा दिसतो; परंतु त्याच्या तोंडाशी जाऊन कान लावावा, तर खालून वाहत्या पाण्याचा गारवा गालाला लागतो, आणि आपण ज्या रस्त्यावर उभे आहोत त्याच्या तळाशी कुठूनसे आलेले आणि कुठेसे निघालेले पाणी आहे, याची ओळख पटते. कादंबरीचे चांगले आरंभवाक्य हे असा उच्छ्वास असते. ते पाणी पाजीत नाही. पाणी आहे, आणि ते वाहते आहे, एवढी खूण देते. आज त्या नळाची अवस्था काय आहे, किती उच्छ्वास बुजले आणि किती रस्तारुंदीत गेले, हा वेगळा आणि दुःखाचा विषय आहे. पुणेकरांनी तो मनावर घ्यावा.

नाताळच्या रात्री नाताळचीच कादंबरी वाचली जावी हे ओघाने आलेच. चार्ल्स डिकन्सची 'अ ख्रिसमस कॅरल' १९ डिसेंबर १८४३ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली आणि सणापूर्वीच तिची पहिली सहा हजार प्रतींची आवृत्ती संपली. सणासाठी लिहिलेल्या या आनंदाच्या पुस्तकाचा आरंभ एका माणसाच्या मरणाच्या वार्तेने होतो, याचे मुलांना मोठे आश्चर्य वाटते. मार्ली मेला आहे, याविषयी तिळमात्र संशय नसावा, म्हणून लेखक दफनाच्या नोंदवहीचा आणि तीवरील सह्यांचा हवाला देतो, हॅम्लेटच्या पित्याचा दाखला देतो. कारण हा मनुष्य खरोखर मेला आहे हे वाचकाने पत्करले नाही, तर पुढे जे घडावयाचे आहे त्यात नवल ते कोणते उरेल? कथाकाराने विश्वास कसा संपादावा, याचा हा वस्तुपाठ आहे. अण्णांना ती नोंदवही फार पटली.

तथापि माझा स्वतःचा कौल दुसऱ्याच पुस्तकाला आहे. लुइझा मे अल्कॉटच्या 'लिटल विमेन'चा अनुवाद शान्ता शेळके यांनी 'चौघीजणी' या नावाने केला, आणि ज्या मराठी मुलींनी तो योग्य वयात वाचला त्यांच्या आयुष्यात त्या चार बहिणी कायमच्या राहावयास आल्या. बाईंची सून दरवर्षी तोच आरंभ वाचते, तो सर्वांना ठाऊक असतो, आणि तरीही कोणी तो दुसऱ्याने वाचावा म्हणत नाही. नाताळ आला आहे, वडील युद्धावर आहेत, घरात पैसा नाही, भेटी यावयाच्या नाहीत. गालिच्यावर पडून ज्यो कुरकुरते. मेग आपल्या जुन्या झग्याकडे पाहून दारिद्र्याला नावे ठेवते. एमीला हा अन्याय वाटतो. आणि कोपऱ्यातून बेथ एवढेच म्हणते की, आपल्याला आईवडील आहेत आणि आपण एकमेकींना आहोत. चार मुली, चार वाक्ये, आणि त्या चार वाक्यांत त्यांची चारही आयुष्ये! लेखिकेने कोणाचे नाक सांगितले नाही, डोळे सांगितले नाहीत, घराण्याची बखर सांगितली नाही; एकच उणीव चौघींपुढे ठेवली आणि प्रत्येकीला बोलू दिले. सुनेचा आवाज बेथच्या वाक्याशी येतो तेव्हा थोडा खाली उतरतो. ती मुद्दाम तसे करते असे मला वाटत नाही. अनुवादाला दुय्यम मानणाऱ्यांनी त्या क्षणी त्या खोलीत असावे, अशी माझी फार इच्छा आहे.

आपल्या मराठीत कथेचा आरंभ पूर्वी नमनाने होत असे. ज्ञानेश्वरांनी आद्यरूपाला वंदन केले, आणि १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली 'क्रिस्तपुराण' छापविले तेव्हा त्यांनीही आपल्या देवाला ओवीतच नमन करून कथेला हात घातला. मराठी भाषेत उभे राहून बोलावयाचे तर आधी हात जोडावेत, ही रीत त्या परदेशस्थाने किती आत्मीयतेने उचलली! पुढे गद्य आले, छापखाने आले, आणि १८५७ साली बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन' आले. मराठीतील पहिली स्वतंत्र कादंबरी म्हणून तिचा उल्लेख होतो. ती एका मराठी ख्रिस्ती माणसाने लिहिली, आणि तिचा विषय राजा नव्हे, राजपुत्र नव्हे, तर हिंदू विधवांचे दुःख हा होता. त्यानंतर काही काळ 'मुक्तामाले'सारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांचे राज्य चालले, त्यांत रमण्याचे मला आज कारण दिसत नाही. १८९० साली हरि नारायण आपटे यांनी आपल्या 'करमणूक' साप्ताहिकातून 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः देण्यास प्रारंभ केला, आणि पुन्हा एक यमुना बोलू लागली. पदमनजींची यमुना आणि हरिभाऊंची यमू यांत तीस-पस्तीस वर्षांचे अंतर आहे. परंतु दुसरीने एक गोष्ट अधिक केली. तिने आपली कहाणी आपल्या तोंडाने, आपल्या लहानपणापासून, आपल्या घरातल्या भाषेत सांगावयास घेतली. न्यायाधीशापुढे नव्हे, शास्त्र्यापुढे नव्हे, आठवड्याचा अंक हाती घेऊन बसलेल्या कोणाही वाचकापुढे. मराठी कादंबरी खऱ्या अर्थाने त्या आरंभापाशी सज्ञान झाली, असे माझे मत आहे.

हाच धागा पुढे कसा निघाला पाहा. १९५९ साली खांडेकरांची 'ययाति', १९६३ साली नेमाड्यांची 'कोसला', १९६७ साली शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय'. वृत्ती, भाषा, पिढी यांनी एकमेकींपासून इतक्या दूर असलेल्या या तीन कादंबऱ्या, पण एका रात्री त्यांचे आरंभ लागोपाठ वाचले गेले आणि आम्ही सर्वच चकित झालो. कारण तिघींतही पहिल्याच क्षणी 'मी' बोलावयास उभा राहतो, आणि तिघांनाही आपण का बोलतो याचा हिशेब आधी चुकता करावासा वाटतो. ययाति स्वतःलाच विचारतो, ही कथा मी कशासाठी सांगतो आहे, राजा म्हणून का? 'मृत्युंजय'मधल्या कर्णाला असली शंका नाही. आज आपल्याला बोलावयाचे आहेच असे तो म्हणतो, आणि मेलेला माणूस बोलू लागला म्हणून दचकणाऱ्यांना आधीच सावध करतो. आणि 'कोसला'तला पांडुरंग सांगवीकर? तो नाव सांगतो आणि वय सांगतो, त्यातही 'उदाहरणार्थ' हा शब्द घालून आपल्या पंचवीस वर्षांची हमीसुद्धा पूर्ण देत नाही. अण्णा एकदम ताठ बसले. "ही तर जबानी आहे," ते म्हणाले, "नाव अमुक, वय अमुक, विचारल्यावरून लिहून देतो की..." आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "पण याला कोणी विचारलेलंच नाही." पुस्तक त्याच रात्री त्यांच्या घरी गेले. ते त्यांनी वाचले, आणि पुन्हा वाचावयास ठेवून घेतले.

खांडेकरांच्या आलंकारिक भाषेला हल्ली नाके मुरडण्याची पद्धत आहे. त्या भाषेचे सर्वच मी पत्करीन असे नाही. पण ययातीचा तो पहिला प्रश्न मोठ्याने वाचून पाहावा. त्यात सजावट नाही, संकोच आहे. भोगात बुडालेल्या राजाच्या तोंडी कथेचा पहिला शब्द संकोचाचा यावा, यात लेखकाची सगळी नीतिदृष्टी आली आहे.

'मी'चे आरंभ जसे, तसे वाटेचेही असतात. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त तरुण मास्तर नव्या गावाकडे एकटाच पायी निघालेला आपल्याला भेटतो, आणि त्याच्या पावलांबरोबर आपणही माणदेशच्या उजाड माळावर कधी येऊन पडलो ते कळत नाही. राम पटवर्धनांनी मराठीत आणलेल्या 'पाडस'मध्ये झोपडीच्या धुराड्यातून सरळ वर चढणारी धुराची बारीक रेघ दिसते, आणि ती पाहणारा पोरगा हातातले काम टाकून झऱ्याकडे पळावयाच्या विचारात असतो. त्या आरंभाला आमच्याकडची मुले नेहमी हसतात, कारण काम टाकून तळ्याकडे पळण्याची बुद्धी कात्रजच्या मुलांनाही अपरिचित नाही. याउलट कित्येक कादंबऱ्या सूर्योदयाच्या दोन पानी वर्णनाने सुरू होतात, आणि तो सूर्योदय पाहणारे कोणीच त्या पानांवर नसते. अशा पुस्तकांना आमच्या दिवाणखान्यात कोणी काही बोलत नाही. चहा मात्र त्याच वेळी आत मागितला जातो.

'श्यामची आई' वाचावयाचा मान सर्वांत लहान मुलाचा. साने गुरुजींनी हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात १९३३ सालच्या फेब्रुवारीत, अवघ्या पाच दिवसांत लिहिले, आणि त्याची विभागणी प्रकरणांत न करता रात्रींत केली. अशा बेचाळीस रात्री आहेत. परंतु पहिल्या रात्रीच्याही आधी एक छोटा प्रारंभ आहे, आणि वाचकांपैकी बरेच जण तो ओलांडून जातात. माणसाच्या मोठेपणात त्याच्या आईबापांचा वाटा किती असतो, हा विचार तेथे आधी येतो. मग आश्रमातली मित्रमंडळी श्यामला आईविषयी सांगण्याचा आग्रह करतात. कथा सांगणाऱ्याला ती सांगावयास लावणारे श्रोते आधी भेटले पाहिजेत, हे गुरुजींनी किती साधेपणाने जाणले होते! एका वर्षी हा भाग वाचताना वाचणारे पोर मध्येच थांबले आणि खोलीभर पाहून म्हणाले, "म्हणजे हे पण आपल्यासारखेच बसलेत." त्याला कोणी उत्तर दिले नाही. बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि वाचन पुढे चालू झाले.

या रात्रींतून कात्रजमध्ये वाङ्मयाची फार मोठी क्रांती झाली, असा माझा दावा नाही. पण पुस्तके घरोघर फिरू लागली, फाटली, पुन्हा बांधून आणली गेली. आणि ज्या मुलांना जाड पुस्तक पाहूनच धडकी भरत असे, ती मुले पहिला परिच्छेद तर आपल्याला येतो, या हक्काने ते उचलू लागली. पुस्तके विकत घेतलीच पाहिजेत असेही नाही. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून आणि पुणे मराठी ग्रंथालय १९११ पासून पुणेकरांसाठी आहेत. तेव्हा वाचकहो, माझी आपणांस एक विनंती आहे. येत्या नाताळच्या सुटीत एका रात्री घरातल्या माणसांना जवळ बसवा, आपल्याला प्रिय असलेल्या कादंबरीचे पहिले पान सावकाश, मोठ्याने वाचा, आणि दुसरे पान काही केल्या वाचू नका. पुस्तक मिटून ऐकणाऱ्याच्या हाती द्या.